चव न घेता केलेलं भरीत

थोरला भाऊ पितांबर आतड्याच्या कॅन्सरनं गेला, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्या. द्रौपदाबाई तयार झाल्या. धाकटा वाल्मीक मात्र धुळ्याहून फोनवर हसला, "अक्का, माले काय व्हयेल शे?"

तपासणीआधी बिया-सालं खाणं बंद होतं. पण आदल्या दुपारी शेतात भरिताची पंगत, आणि अमळनेरच्या त्या शिवारात भरीत करावं ते द्रौपदाबाईंनीच! कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली. जेवायला त्या बसल्या नाहीत. चव तेवढी घेतली. करणारीनं नाही घ्यायची तर कोणी?

जळगावच्या दवाखान्यात कॅमेऱ्याची नळी आत गेली आणि वांग्याच्या बियांत अडकली.

"मावशी, काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. भरीत चाखलं फक्त."

"चाखलं म्हणजे किती, आई? अर्धी बडगी?" सून कामिनीनं कपाळाला हात लावला.

पंधरवड्यानं पुन्हा तारीख, आणि आदल्या दिवशी पुन्हा कुणाचं तरी भरीत. "जाऊच नका," कामिनी म्हणाली. त्या गेल्या. लसूण-मिरचीचा ठसका नाकानं जोखला, मीठ हाताच्या अंदाजानं टाकलं. वाफेनं जीभ पाणावली, पण बोट काही ओठाला लागलं नाही.

"वहिनी, मीठ बराबर शे का?" दीर तोतारामनं डिवचलं.

"तुमीच सांगा, भाऊ. आज मन्ही जीभ सुट्टीवर शे."

मीठ जरा जास्तच पडलं होतं. बडगी तरीही पुसून निघाली. द्रौपदाबाई घरी येऊन पोट धुणारं कडू-खारट औषध घोट घोट पीत राहिल्या.

या खेपेला आतडं निवळशंख. एका वळणावर बोराएवढी गाठ लोंबत होती, पॉलिप म्हणतात तो. डॉक्टरांनी तारेच्या फासानं तिथल्या तिथे कापून काढला. मग रिपोर्टची वाट. पितांबरचे शेवटचे दिवस डोळ्यांपुढून हलेनात.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. "पण राहू दिला असता तर पुढे तोच झाला असता."

"म्हणजे दारात यायच्या आधीच हाकलला!" द्रौपदाबाईंचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. माणसं वळून बघू लागली. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या धुळ्याला फोन लावला.

"वाल्मीक, कॅन्सर व्हवाना पहिलेच गाठ निंघनी मन्ही! आते तुन्हा नंबर. तू येस का मी येऊ तुले लेवाले?"

पलीकडून हळूच, "दुखस का वं, अक्का?"

"झोपाडी देतस, येड्या. पितांबरले कोन्ही वेळेवर सांगं नही. मी तुले सांगी ऱ्हायनू."

"येसू," वाल्मीक म्हणाला. "सोमवारनी एस्टीवर."

फोन ठेवून द्रौपदाबाई सुनेला म्हणाल्या, "चल, त्याच्यासाठी तारीख घेऊनच जाऊ."