कास्त्रेसच्या अंगणातला बुंधा

कुदळ भिंतीच्या पायावर खणकन आपटली आणि ताम्मारो थांबला. तीन दिवस तो एकाच मुळाचा माग काढत खणत होता. ते मूळ भिंतीखालून सरळ पलीकडे, शेजारच्या कास्त्रेसच्या अंगणात शिरलं होतं.

इटलीतल्या आव्हेर्साच्या त्या पट्ट्यात आस्प्रीनियो द्राक्षाच्या वेली उंच पॉपलरच्या झाडांवर चढवतात. सेहेचाळीस वर्षं ताम्मारोने उंच, अरुंद शिडीवर उभं राहून ती आंबट हिरवी द्राक्षं उतरवली होती. यंदा गुडघ्याने दगा दिला आणि डॉक्टरांनी शिडी बंद केली. मळ्याच्या मालकीणबाई एर्सीलिया या निवृत्त शिक्षिका. ही वेल किती जुनी, असं त्यांनी सहज विचारलं, आणि जन्मभर शेंडाच पाहिलेल्या ताम्मारोला बुंध्याबद्दल एक शब्द सांगता आला नाही. ते त्याच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी बुंधा शोधायला त्याने कुदळ उचलली.

आता पुढे खणायचं तर कास्त्रेसला विचारणं भाग होतं. दोघं एकेकाळचे जोडीदार. एकोणीस वर्षांपूर्वी कास्त्रेस शिडीवरून पडला, कमरेचं हाड मोडलं. ताम्मारोने शिडी वाकडी लावली, असं त्याने गावभर सांगितलं. तेव्हापासून बोलणं बंद.

कास्त्रेसने काठी टेकत दार उघडलं.

“वाट चुकलास काय?”

“तुझ्या खुराड्याखाली खणायचंय.”

“गुडघा गेला असं ऐकलं होतं. डोकंही गेलं वाटतं.”

ताम्मारोने सगळं सांगितलं. कास्त्रेसने ऐकून घेतलं, मग खुराड्याचं दार उघडून कोंबड्या बाहेर हाकलल्या.

दुपारपर्यंत ताम्मारो खणत होता आणि कास्त्रेस उपड्या खोक्यावर बसून हाताने माती सारत होता. हाती लागला तो जात्याएवढा रुंद, काळाकुट्ट बुंधा. मूळ म्हणून ज्याचा माग काढला, ती खरं तर जमिनीत दाबलेली फांदी होती. कोणी तरी, कधी तरी, दाब कलम करून ती पलीकडे नेली होती. अशाच आणखी दोन फांद्या कास्त्रेसच्या झाडांकडे गेल्या होत्या. दोन्हीकडची ओळ मिळून एकच वेल होती.

“म्हणजे इतकी वर्षं माझीच द्राक्षं तोडून तू बाईंना देत होतास,” कास्त्रेस म्हणाला.

ताम्मारोला हसू आलं. कास्त्रेसने आतून बाटली आणली. गेल्या सालची आस्प्रीनियो वाइन, पहिल्याच घोटाला दात आंबवणारी. एक घोट घेऊन कास्त्रेसने पेला खाली ठेवला.

“शिडी तू नीट लावली होतीस. वर गेल्यावर मी ती झाडाला बांधली नाही. घाई होती मला.”

आपण शिडीचा पाय कुठे टेकवला होता, हे ताम्मारोने एकोणीस वर्षं रोज आठवून पाहिलं होतं.

“मग बोलला का नाहीस?”

“बायकोला, मग गावाला तुझं नाव सांगून बसलो होतो. नंतर तुझ्यासमोर यायचीच लाज वाटायला लागली.”

ताम्मारोने पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

निघताना त्याला कळलं, की शुक्रवारी कास्त्रेसची ही झाडं पाडणार. जमीन कास्त्रेसने मुलाच्या नावावर केली होती आणि मुलाला तिथे टायरचं गोदाम बांधायचं होतं. आता आपल्या हातात काही नाही, एवढंच कास्त्रेस म्हणाला.

शुक्रवारी सकाळी यंत्राची घरघर ऐकू आली आणि थोड्या वेळाने अचानक बंद पडली. ताम्मारो लंगडत भिंतीला वळसा घालून गेला. तीन पॉपलर आडवे झाले होते. बुंध्यापाशी स्वयंपाकघरातली खुर्ची मांडून, चर्चला घालायचा कोट चढवून, कास्त्रेस बसला होता. मुलगा हातवारे करून समजावत होता. म्हातारा समोर बघत होता. यंत्रवाल्याने खाली उतरून डब्यातला पाव काढला होता.

ताम्मारो मातीच्या ढिगाऱ्यावर, खुर्चीच्या शेजारी, दुखरा पाय लांब करून बसला.