हरवल्याला भरपाई नसते

रबरी हातमोज्यात तिनं हात घातला. बाकीची बोटं सरळ आत गेली, अनामिका तेवढी मधेच अडली. आत काही चिकटलं असेल म्हणून तिनं मोजा उलटा धरून झटकला, आणि मोरीच्या फरशीवर दोन अंगठ्या पडल्या. लग्नातली साधी अंगठी पडली तिथेच गोल फिरून आडवी झाली. साखरपुड्याची, खड्याची, घरंगळत जाळीच्या काठापर्यंत गेली आणि तिथं थांबली. तिनं झडप घालून ती उचलली, मग हातात घासणी तशीच धरून ती पालथ्या बादलीवर बसली.

तिच्या बोटात त्याच दोन अंगठ्यांच्या जागी नव्या दोन चमकत होत्या. विम्याच्या पैशातून केलेल्या.

ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथं हातमोजे काढायची रीत ठरलेली असते: मनगटाशी धरायचं, एका झटक्यात ओढायचं आणि आत डोकावायचं नाही. वर्षानुवर्षं तेच केल्यामुळे घरची मोरी घासून झाली तरी हात तेच करत. त्या दिवशी बोटं घामानं बुळबुळीत झालेली असणार, मोज्याबरोबर अंगठ्याही निघाल्या असणार, आणि तो जोड बादलीमागे पडून राहिला. पुढे नवा जोड आला. तो फाटला म्हणून आज हा जुना हाती लागला.

शोधायचं म्हणून तेव्हा त्यांनी काय बाकी ठेवलं नव्हतं. पीठ चाळलं, बेसिनखालचा पाइप सोडवला, माशांच्या टाकीतले खडे उपसून धुतले. हातमोज्यात बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही, कारण मोरी घासायच्या आधी मी अंगठ्या काढून कपाटातल्या वाटीत ठेवतेच, असं ती सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होती. आपण विसरणाऱ्यांतल्या नाही याचा तिला फार अभिमान होता.

अंगठ्यांचा विमा उतरवला होता नवऱ्याच्या मावसभावानं. घरात त्याला सगळे हप्ते म्हणत, आणि तोही हाकेला ओ देई. लग्नाच्या जेवणावळीतच त्यानं नवरानवरीला गाठून हा विमा गळ्यात मारला होता, त्यावरून पुढे कितीतरी दिवस त्याची थट्टा झाली. अंगठ्या दिसेनात तेव्हा पहिला फोन त्यालाच गेला. संध्याकाळी तो आला, चहा घेतला आणि कप खाली ठेवून मुद्द्यावर आला.

"वहिनी, एक सांभाळा. हरवल्या म्हणू नका. हरवल्याला भरपाई नसते. चोरीला गेल्या म्हणा."

"पण भाऊजी, चोरीला गेल्यात हे मला कुठं माहीत आहे?"

"मग हरवल्यात हे तरी कुठं माहीत आहे?"

शब्द तर एकच बदलायचा होता, आणि तो खोटाच आहे असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. पोलिसांत तक्रार दिली गेली, त्यात तोच शब्द आला. दोनतीनदा उच्चारल्यावर तो तिच्या तोंडात बसलासुद्धा.

मग कंपनीचा तपासनीस आला. सभ्य माणूस होता, चपला दाराबाहेर काढून आत आला. कुलूप तुटलेलं नाही, खिडक्यांना जाळ्या आहेत, मग चोर शिरला कुठून, एवढंच त्याला हवं होतं. दुसरी किल्ली कुणाकडे असते, असं त्यानं विचारलं. किल्ली वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे असे. काकू पूर्वी शाळेत शिवण शिकवायच्या, आता एकट्याच राहत. ही दोघं कामावर गेली की दुपारी त्या खाली येत आणि माशांना खाणं घालत. माशांना त्या मंडळी म्हणत. मंडळी आज रुसलीत, मंडळींनी आज ताटात टाकलं, असा रोजचा अहवाल संध्याकाळी जिन्यात मिळे.

तपासनीस आला तेव्हाही काकू तिथेच होत्या, टाकीपाशी, हातात खाण्याचा डबा घेऊन. जाताना दार ओढून घेतलं होतं का, असं त्यानं त्यांना विचारलं. घेतलं होतं, असं त्या लगेच म्हणाल्या. नक्की का, असं त्यानं पुन्हा विचारलं. काकू थबकल्या. रोजच घेते, म्हणून त्या दिवशीही घेतलंच असणार, असं काहीसं त्या म्हणाल्या. तपासनीसानं मग तिच्याकडे पाहिलं. त्याच्याबरोबर आलेल्या हप्तेनंही पाहिलं, जरा निराळ्या नजरेनं.

"वय झालंय त्यांचं," ती म्हणाली.

एवढंच. ते खोटंही नव्हतं. काकूंनी डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःहून खाली आल्या, दार बहुतेक उघडंच राहिलं माझ्याकडून, असं त्या साहेबांना कळव म्हणाल्या, आणि किल्ली टेबलावर ठेवून गेल्या. भरपाई मंजूर झाली. हप्तेनं पेढ्यांऐवजी तोंडभर सल्ले वाटले.

नवरा कामावरून आला तेव्हा तिनं हात पुढे करून मूठ उघडली. त्यानं आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"कुणाला सांगितलंस?"

"आत्ताच तर सापडल्या."

"मग आता सांगू नकोस."

कंपनी आपल्याला लबाड ठरवेल, हप्तेची नोकरी जाईल, आणि झाली गोष्ट ती झाली, त्यात कुणाचं नुकसान नाही, असं तो बराच वेळ हलक्या आवाजात समजावत राहिला. मग त्यानं दोन्ही अंगठ्या पुन्हा त्याच हातमोज्यात सारल्या आणि मोजा बादलीमागे टाकला. तिनं अडवलं नाही. उलट तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

कारण नुकसान होत होतं आणि ते जिन्यातून ऐकू येत होतं. काकू हल्ली बाहेर निघाल्या की अर्ध्या जिन्यातून परत वर जात आणि आपलं कुलूप ओढून बघत. गॅस बंद केला की नाही हे बघायला भाजीवाल्याला ताटकळत ठेवून जात. आपल्याला आठवत नाही, असं त्यांनी स्वतःच मुलाला फोनवर सांगून टाकलं. मुलगा लांबच्या गावी असे, आणि आईनं एकटं राहू नये हे त्याचं जुनंच म्हणणं होतं. आता त्याच्या हाती कारण आलं. तो रजा काढून आला आणि खोकी बांधायला बसला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी काकू तिच्याकडे आल्या. उद्या निघते म्हणाल्या. मुलाच्या घरी त्यांना हॉलमधल्या दिवाणावर जागा होती. शिवणाचं यंत्र न्यायला नाही म्हणाला, ठेवणार कुठं. हे सगळं त्यांनी दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं, आणि माशांकडे पाहिलं, पण टाकीजवळ गेल्या नाहीत. मग त्यांनी पदराची गाठ सोडली.

"ही ह्यांनी दिलेली. बोटात राहत नाही आता. माझ्याकडे राहिली तर मी कुठे ठेवून बसेन, माझं मलाच आठवायचं नाही. तुझ्याकडे असू दे."

"काकू, माझ्याकडे कशाला?"

"तुझ्याकडे विमा असतो ना."

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. पातळ झालेली, मधे झिजलेली ती अंगठी काकूंनी तिच्या तळहातावर ठेवली, तिची बोटं मिटवली, आणि नीट ठेव हं, मी फार वेंधळी झालेय, असं म्हणून त्या निघाल्या. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. मग बाहेरून दारावर तळव्यानं दोन थापा आल्या. कुलूप बसलंय का ते बघायची ही काकूंची सवय. सुट्टीच्या दिवशी ती घरी असली की या थापा ऐकूनच तिला काकू गेल्याचं कळे. तपासनीस आला त्या दिवशीही तिला ही सवय ठाऊक होती.

ती मोरीत गेली आणि बादलीमागचा हातमोजा काढला. बोटातल्या नव्या अंगठ्या तिनं बेसिनच्या काठावर ठेवल्या, जुन्या चढवल्या, आणि काकूंची मुठीत धरली. बाहेरच्या खोलीत नवरा पेपर वाचत होता.

"कुठे निघालीस?"

"वर."

त्यानं तिचा हात पाहिला. पेपर हळूच खाली घेतला.

"हप्तेचा तरी विचार कर."

तिनं हप्तेचा विचार केला, पहिल्या वळणापर्यंत. तिथून पुढे मात्र ती एकेक पायरी थांबत चढली, आणि कारण हप्ते नव्हता. वरून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. काकूंचं दार सताड उघडं होतं. आत मुलगा पाठमोरा बसून खोकं बांधत होता, आणि काकू उंबऱ्याशी स्टुलावर बसून जुन्या कापडांच्या घड्या करत होत्या.

तिनं डावा हात पुढे केला. काकूंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. अंगठ्या त्यांनी ओळखल्या. त्या शोधायला त्याही टाकीतले खडे धूत बसल्या होत्या.

"चोरीला नव्हत्या गेल्या, काकू," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच जेमतेम ऐकू आला. "हरवल्या होत्या. माझ्याकडूनच. मोरीतल्या हातमोज्यात होत्या. बरेच दिवस झाले सापडून."

आता काकू काय म्हणतील ते सगळं ऐकून घ्यायचं, असं ती जिना चढताना ठरवून आली होती. काकूंनी मांडीवरची घडी बाजूला ठेवली. त्यांचा उजवा तळवा आपोआप थोडा वर उचलला गेला आणि हवेतच दोनदा हलला.

"म्हणजे दार मी ओढून घेतलं होतं."

"घेतलं होतं."

काकूंनी एकदा मान वळवून आत मुलाच्या पाठीकडे पाहिलं. मग तिचा हात त्यांनी मनगटाशी धरला.

"हेच जरा मोठ्यानं सांग," त्या म्हणाल्या. "तो आत आहे."

चिकटपट्टीचा आवाज थांबला. खालच्या मजल्यावर तिच्या घराचं दार उघडल्याचं तिला ऐकू आलं. तिनं घसा साफ केला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.