शेजारच्या खाटेची खबर

या, असे जवळ सरका. गोष्ट लहानशीच आहे, पण जीव लावून ऐका.

रत्नप्रभा सिस्टरनी चार नंबरच्या खाटेवरच्या हवालदार बळवंतकाकांच्या मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. नाडी धावत होती. कपाळावर गार घाम.

"काका, कुठं दुखतंय?"

"खंय नाय. मी बरो आसंय."

"ईसीजी काढू या?"

"त्या वायरी दुसऱ्याक लाव गो." हवालदारांनी हात काढून घेतला.

मुलुंडच्या त्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सिस्टरची बावीस वर्षं सरली होती. ही माणसं स्वतःचं दुखणं सांगत नाहीत, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. म्हणून त्या शेजारच्याला विचारत: जेवला का, झोपला का, कण्हत होता का? सोबत्याची खबर मात्र खडान्‌खडा मिळे. बळवंतकाकांची खबर पाच नंबरचे चंद्रप्रकाश द्यायचे. मंगळवारी ते देवाघरी गेले. आता तिथे नुसती घडी घातलेली चादर होती.

सिस्टरनी खाली ओपीडीत फोन लावला.

"तक्रार काय आहे पेशंटची?" डॉक्टर देवेशनी विचारलं.

"तक्रार नाही म्हणतात, सर. पण मला लक्षण बरं दिसत नाही."

"ईसीजी तरी काढा. दोन पेशंट संपवून येतो."

दोन पेशंट! सिस्टरनी फोन ठेवला. मनातल्या मनात पांडुरंगाचा धावा चालला होता. काकांचे ओठ पांढरे पडत होते, आणि मान नाही म्हणूनच हलत होती.

बावीस वर्षांत पेशंटच्या खाटेवर कधी न टेकलेल्या सिस्टर पाच नंबरवर जाऊन बसल्या. शेजारच्या पेशंटसारखे पाय वर घेतले आणि तिसऱ्याच कुणाची चौकशी करावी तसं विचारलं,

"काय हो हवालदार, आज चार नंबरचा कसा आहे?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"पहाटेपासून त्येच्या जबड्यात दुखता. डावो हात जड झालोहा. पण तो सांगाचो नाय."

सिस्टरनी घंटा दाबली. ऑक्सिजन आला, वायरी लागल्या. या वेळी हात मागे गेला नाही. धावत वर आलेल्या डॉक्टरांनी ईसीजीचा कागद बघताच स्ट्रेचर मागवला.

लिफ्टपाशी काकांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

"डॉक्टर, पाच नंबराकडे बघा. तिचे हात कापतत. सकाळपासून चाय घेऊक नाय तिना."

तर सांजेला देवापुढे दिवा लावाल, तेव्हा हवालदारांसाठी हात जोडालच. पाच नंबरचीही आठवण ठेवा. ती आपणहून सांगायची नाही.