घंटेवरचा हातमोजा

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. ‘आहे’ म्हणते खरी, पण सध्या माझे तुकडे झालेले आहेत, आणि तुकड्यांनी स्वतःला काय म्हणावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा सवयीने ‘आहे’च म्हणते.

भट्टी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोळसे आणि भाता आला असेल. माझं तसं नव्हतं. मी विजेवर चालणारी. दोन मजली घराएवढं माझं गोल पोट, वर बाजूला सरकणारं झाकण, आणि झाकणातून खाली उतरणारे ग्राफाइटचे तीन काळे खांब. तुम्ही टाकून दिलेल्या सायकली, गंजलेली कपाटं, दार नसलेले फ्रीज, सगळं माझ्या पोटात पडायचं. मग खांब खाली यायचे आणि वीज अशी कडाडायची की शेडचे पत्रे थरथरायचे. थोड्या वेळाने सायकल कुठली आणि कपाट कुठलं, काही ओळखू यायचं नाही. सगळ्यांचं मिळून एकच पिवळंधमक पोलाद. मग मला एका अंगाला कलतं करायचे आणि ते ओतून घ्यायचे.

म्हणजे जन्मभर मी खाल्लं ते दुसऱ्यांनी टाकलेलं. काय खायचं, कधी पेटायचं, कधी कलायचं, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. मला दार होतं, पण ते बोलण्यासाठी नव्हे. त्यातून मळी, म्हणजे पोलादावर तरंगणारी घाण, बाहेर काढायची आणि माणसांनी आत डोकावायचं.

माझं आतलं अस्तर आधी विटांचं होतं. पोलाद ओतून झालं की माणसं दारापाशी यायची आणि आतल्या खड्ड्यांवर फावड्याने भुकटी मारायची. पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर आई पावडर लावते ना, तशी. त्या माणसांमध्ये मामा होते. पुढे तेच माझ्यावर काम करणाऱ्यांचे मुख्य झाले. खरं तर ते एकाच मुलीचे मामा. तिचे वडील लवकर गेले, तेव्हा बहिणीला आणि भाचीला त्यांनी आपल्या घरी आणलं, भाचीला शिकवलं, आणि क्रेनच्या परवान्याच्या परीक्षेला स्वतः घेऊन गेले. ती वर, छताला लागून असलेल्या क्रेनच्या केबिनमध्ये बसायची आणि भंगाराची भलीमोठी बादली माझ्यावर आणायची. येताना भोंगा वाजवून ‘मामाऽऽ’ अशी हाक मारायची. दिवसातून इतक्यांदा, की ते सगळ्या शेडचेच मामा झाले.

“मामा, व्हा बाजूला! बादलीत जागा आहे अजून, तुम्हालाही घेईन!”

“घे की! मग तुझ्या आईला काय सांगशील?”

“सांगेन, तुझ्या भावाचं पोलाद झालं. तसेही जरा वाकत नव्हतेच.”

मामा मान वर करून हात हलवायचे, हसायचे, आणि मगच बाजूला व्हायचे.

पुढे माझं आधुनिकीकरण झालं. या शब्दाचा अर्थ मला अनुभवाने कळला. आधी फाडतात, मग शिवतात, मग फोटो काढतात. माझ्या विटांच्या भिंती काढून तिथे लोखंडी पेट्या बसवल्या. त्यांच्यातून सतत थंड पाणी खेळायचं, म्हणजे मी भाजून निघू नये. समोर काचेची खोली झाली. तिच्यात पडदे आणि बटणं आली. माझ्या दाराकडे बघायला कॅमेरा आला. आणि मित्रांनो, मला एक घंटा मिळाली. पेट्यांमध्ये जेवढं पाणी जातं तेवढं परत येतं की नाही, हे एक मीटर मोजायचं. कमी आलं तर घंटा वाजायची. याचा अर्थ, कुठेतरी फुटलंय, पाणी आत येतंय.

आयुष्यात पहिल्यांदा मला आवाज मिळाला होता. केवढी हरखले होते मी!

पाणी आत येणं म्हणजे काय, हे मामा नव्या माणसांना याच शब्दांत सांगायचे, “वितळलेल्या पोलादावर पाणी पडलं तर ते वरच्या वर उडून जातं. त्याला उडू द्या. तोवर भट्टी हलवायची नाही. हलवली आणि पाणी पोलादाच्या खाली सापडलं, तर मग आपण कुणी सापडणार नाही.”

काही वर्षं माझं खूप कौतुक झालं. पांढऱ्या टोप्या घातलेले पाहुणे यायचे आणि माना डोलवायचे. मग शेजारच्या शेडमध्ये माझ्याहून मोठी, माझ्याहून हुशार भट्टी बसवायचं ठरलं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आलं, “नवी येतेच आहे.” पेट्या झिजल्यात? नवी येतेच आहे. कॅमेऱ्याची काच धुळीने भरलीय? नवी येतेच आहे. पाण्याच्या क्षाराने मीटर तुंबला, आणि माझी घंटा उगाचच वाजू लागली. जेवताना वाजे, बोलताना वाजे. पडद्यावरची लाल खूण तर कायमचीच झाली.

याचा सगळ्यात जास्त त्रास मामांना. इतकी वर्षं माझा कडकडाट ऐकून त्यांचे कान सारखे गुणगुणत, त्यात ही घंटा. डोकं धरून बाकावर बसायचे. भाचीला ते वरून दिसायचं. एक दिवस ती खाली उतरली आणि देखभालीच्या माणसाकडे गेली. त्याला सगळे पानेवाला म्हणत.

“दादा, हिचा आवाज जरा मारा ना. मामांचं डोकं फुटायची वेळ आलीय.”

“बंद नाही करता येत, बाई. साहेबांना विचारावं लागतं.”

“बंद करा कोण म्हणतंय? हळू करा.”

पानेवाल्याने क्षणभर विचार केला, हातातला जाड हातमोजा काढला, घंटेवर चढवला आणि तारेने आवळला. “घ्या. आता कुजबुजेल.”

त्या दुपारी मामा बाकावर डोळे मिटून निवांत बसले. भाची वरून बघत होती. मित्रांनो, मला राग आला नाही. मायेने केलेल्या कामावर रागावता येत नाही, हीच तर पंचाईत असते.

मग ती सकाळ आली. एक अवजड तुकडा माझ्या पोटात आडवा कोसळला, विजेची ठिणगी भलतीकडे वळली आणि एका झिजलेल्या पेटीला भोक पडलं. पाणी आत येऊ लागलं. मी घंटा वाजवली. हातमोज्याच्या आत ती धपधप करत राहिली. काचेच्या खोलीतल्या माणसाने लाल खूण पाहिली, पण ती तर रोजचीच. मळीच्या फेसाखाली पाणी दडलं. दारातून बघणाऱ्यालाही दिसलं नसतं. आणि बघायला दाराशी कोण आलं होतं? मामाच. कॅमेऱ्यात धुळीशिवाय काही दिसत नव्हतं, म्हणून निळी काच डोळ्यांवर धरून ते स्वतः आले होते.

मी काय करू शकत होते? घट्ट उभी राहू शकत होते, जोवर मला उभी ठेवतील तोवर. पलीकडे पोलाद घ्यायला पात्र येऊन थांबलं होतं, आणि खोलीतल्या माणसाचं बोट मला कलवायच्या बटणावर होतं.

वरून भाचीने पाहिलं. माझ्या झाकणाच्या कडेने धूर येत होता, पण तो नेहमीसारखा तांबूस नव्हता, पांढरा होता. वाफ! तिने भोंगा दाबला आणि दाबूनच ठेवला. “मामाऽऽ!”

मामांनी निळी काच खाली घेतली. माझ्याकडे पाठ केली, तिला नीट बघता यावं म्हणून एक पाऊल मागे सरले, मान वर केली आणि हसून हात हलवला.

तेवढ्यात मी कलले.

मला सांगवत नाही. एवढंच सांगते, मामा वाचले. पाठ केलेली होती म्हणून डोळेही वाचले. पाठ आणि उजवा हात मात्र माझ्या आगीने घेतला. चौकशी झाली आणि निकाल लागला, भट्टी जुनी झाली होती. जळून कोळसा झालेला हातमोजा पानेवाल्याने गुपचूप काढून खिशात घातला. मला सगळं माहीत होतं, पण माझं म्हणणं कोण घेणार? मला कायमची थंड केली.

माझं झाकण उतरवायच्या दिवशी मामा आले. हात गळ्यात बांधलेला. भाची क्रेनवर चढायच्या आधी त्यांच्यापाशी थांबली.

“मामा, घंटेवर तो हातमोजा मी घालायला लावला होता.”

“माहितीय.”

“कधीपासून?”

“पहिल्याच दिवसापासून. समोरच तर होता. काढायला हवा होता मी. पण खरं सांगू? इतकं शांत वाटत होतं गं.”

ती रडायला लागली. “आता चढ वर,” ते म्हणाले. “आणि डोळे पूस आधी, नाहीतर हिचं झाकण माझ्याच डोक्यावर ठेवशील.”

मग गॅसच्या ज्योतीने माझे तुकडे केले. तुकडे भंगाराच्या बादलीत भरले. आज भाचीने ती बादली उचलली आणि शेजारच्या शेडमध्ये, नव्या भट्टीवर आणली. माझं पोलाद होणार. त्याचं मला दुःख नाही. आयुष्यभर मी इतरांचं तेच केलं.

पण इथे पोचल्यावर नव्या भट्टीची घंटा वाजायला लागली. काचेच्या खोलीतून आवाज आला, “अरे, हिचा आवाज कमी करा जरा! पहिल्या दिवसापासून नुसती किरकिर.” एक माणूस शिडीवर चढला आणि त्याने घंटेत चिंध्यांचा बोळा कोंबला.

भाचीने क्रेन थांबवली. मी अधांतरी.

“ताई, काय झालं? बादली सोडा!” रेडिओवर खालून कुणीतरी विचारलं.

“आधी तो बोळा काढा.”

“अहो, मीटरच चुकीचा आहे!”

“मग मीटर दुरुस्त करा. मी थांबते.”

“साहेबांना बोलवू का?”

“बोलवा.”

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत कुणीतरी सारखं कुरकुरत असेल. एखादं यंत्र असेल, एखादं माणूस असेल. नव्याण्णव वेळा ते उगाचच कुरकुरत असेल. तरी त्याचं तोंड दाबण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा, त्याला काय झालंय. बोळा कोंबायला जेवढा वेळ लागतो, त्याहून फार जास्त लागत नाही. हे मला खाली उभ्या असलेल्या माणसांना सांगायचं होतं, पण माझ्याकडे आता घंटाही नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं.

घंटा बोळ्याआडून अजून धपधपते आहे. साहेब आले आहेत आणि क्रेनच्या शिडीवर पाय ठेवून वर बघत ओरडत आहेत. भाचीने दोन्ही हात क्रेन चालवायच्या दांड्यांवरून काढले आहेत आणि स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ती बसली आहे.