खोली गप्प झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. अस्सल लोकरीचा, जाडजूड; मला उचलायला दोन माणसं लागतात. एका नवरा-बायकोने एकाच मागावर शेजारी बसून मला विणलं. त्यांचं दिवसभर भांडण चाले, गाठी मात्र एकसारख्या पडत. पुढे बरीच वर्षं मी एका कचेरीत बुटांखाली काढली. माझा लाल रंग विटला, तशी माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथून छापखान्यात काम करणाऱ्या एका माणसाने मला घरी नेलं.

या माणसाचे कान यंत्रांच्या खडखडाटाने किटून जात. संध्याकाळी घरी येऊन शांतपणे गाणं ऐकावं, एवढीच त्याची हौस. पण त्याच्या खोलीत खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या, खिडकीला मोठी काच. आवाज चेंडूसारखा इकडून तिकडे उडायचा आणि गाण्याचा नुसता गलका व्हायचा. ध्वनिमुद्रण करणाऱ्या त्याच्या मित्राने तिथे एक टाळी वाजवून पाहिली नि म्हणाला, "स्पीकर चांगले आहेत रे तुझे. ही खोलीच फार बोलते. आधी तिला गप्प कर."

मग काय, मला स्पीकर आणि खुर्ची यांच्या मध्ये अंथरलं. खिडकीला जाड पडदे आले. भिंतींवर नि कोपऱ्यांत लोकर भरलेल्या, कापड चढवलेल्या चौकटी बसल्या. त्याने गाणं लावलं आणि ओरडलाच, "तार न् तार ऐकू येते!" माझ्यावर मांडी ठोकून तो लहान मुलासारखा हसला. मला अगदी धन्य वाटलं.

घरात त्याची थोरली बहीण होती. तरुणपणीच तिची दृष्टी गेली होती. वेताच्या खुर्च्या विणून तिने या भावाला लहानाचं मोठं केलं होतं. खोलीत शिरताना ती चुटकी वाजवायची. भावाला वाटे, ताईची लकब आहे. आता मात्र चुटकी वाजवून ती दारातच थबकू लागली. एकदा पुटपुटली, "भिंत गेली कुठे?" भाऊ गाण्यात दंग होता.

पुढे आवाज घुमू नये म्हणून त्याने स्पीकर भिंतीपासून चांगले हातभर पुढे ओढले. ताईला सांगायचं राहून गेलं. तो कामावर असताना वारा सुटला, खिडकी आपटू लागली. ती लावायला ताई आली. चुटकी वाजवली, पण खोली काही बोलली नाही. ती तशीच निघाली आणि स्पीकरला अडखळून कोसळली. मी इतका जाड, पण तिचं मनगट नेमकं माझ्या कडेपलीकडे, फरशीवर आपटलं. तिने हाका मारल्या. त्याही पडद्यांनी आणि मी पिऊन टाकल्या. भाऊ येईपर्यंत ती माझ्यावर पडून होती.

हाताला प्लास्टर घालून दोघं परतली, तेव्हा भाऊ तिच्यावरच चिडला. "अगं ताई, दिसत नाही, तर एकटीने आत जायचं कशाला?"

"दिसतंय कधी मला? ऐकू यायचं. भिंत कुठे, कपाट कुठे, सगळं ही खोली सांगायची. तू तिचंच तोंड बांधलंस."

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुला घरात हसताना ऐकलं. त्यावर बोळा फिरवू?"

भावाने चौकटी उतरवल्या, स्पीकर मागे सारले, मला गुंडाळून दारामागे उभं केलं. गाणं बंदच झालं. मनगट जुळलं, पण बोटांत पूर्वीचा जोर आला नाही. वेत ताणता येईना. एक अर्धी विणलेली खुर्ची दुसऱ्या कारागिराकडे गेली, तेव्हा ताई दिवसभर उरलेला वेत चाचपत बसली. दारामागे मला कसर लागली.

मग एकदा तिचाच हात माझ्यावर फिरला. "अरे, कुजवतोस काय याला? अंथर. आणि कुठे काय ठेवलंस, ते मला तोंडाने सांग."

आता गाणं लागायच्या आधी तो तिला दारातून खुर्चीपर्यंत नेतो, प्रत्येक वस्तूला तिचा हात लावून देतो. तरीही ती एकटी या खोलीत येत नाही. ती भीती काही गेलेली नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या गालिच्यांना अधूनमधून ऊन दाखवा, झटका, जपा. पण घरातली एखादी वस्तू हलवण्याआधी जवळच्या माणसाला एकदा विचारा. तुमच्या सुखाखातर तो गप्प तर बसला नाही ना, हेही बघा. मला गप्प राहणं शोभतं. माणसाला नाही.