सहाव्या वेळेची भुकटी

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘बाई’ म्हणत, वय जेमतेम अठ्ठावीस असताना. पीएच.डी.ची पाच वर्षं तिनं एका काळपट हिरव्या भुकटीपायी घालवली होती. ही भुकटी म्हणजे वीज वाहून नेणारं प्लास्टिक. त्यावर पॅलेडियम धातूचे बारीक कण बसवले, की औषधांना लागणारी रसायनं नुसत्या पाण्यात तयार होत, विषारी द्रावकाची गरजच नाही. काम झालं की भुकटी गाळायची, धुवायची, वाळवायची, पुन्हा वापरायची. दहा वेळा वापरता येते, असं तिच्या सरांनी जिथं तिथं सांगून ठेवलं होतं.

पाच वेळा भुकटी शहाण्या लेकरासारखी वागली. सहाव्या वेळी चौऱ्याण्णव टक्क्यांचं उत्पादन थेट साठावर आलं. बाईनं तीनदा करून पाहिलं, मग गाळलेलं पाणी तपासलं. धातू भुकटी सोडून पाण्यात उतरत होता.

सरांनी तिच्या आकड्यांचा कागद पाहिला न पाहिल्यासारखा केला. “सहाव्या वेळेपासून थोडी ताजी भुकटी मिसळत जा. गाळताना सांडतेच की, तेवढी भरून काढायची.”

“सांडत नाही, सर. मी दरवेळी वजन केलंय.”

“आईनं दारासाठी ‘डॉक्टर’ लिहिलेली पाटी आधीच करून घेतलीय म्हणालीस ना? मग कशाला पायावर धोंडा मारून घेतेस?”

दोन दिवस तिनं भुकटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं चिमूटभर ताजी भुकटी मिसळली. आलेखात दहाही खांब एका उंचीचे आले. शोधनिबंध छापून आला, पदवी मिळाली, आईला आभाळ ठेंगणं झालं.

चार वर्षांनी, ती कॉलेजात शिकवत असताना, एका अनोळखी मुलीचा फोन आला. आवाज रडवेला होता.

“मॅडम, मी तुमचीच पद्धत वापरतेय. सहाव्या वेळी सगळं ढासळतं. दीड वर्ष झालं. आमचे सर म्हणतात, माझ्याच हाताला वळण नाही. तुम्ही काय वेगळं करत होता?”

खरं उत्तर बाईच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

“वाळवण कमी पडत असेल,” ती म्हणाली. “आणखी बारा तास ठेवून बघ.”

“थँक्यू मॅडम! मला वाटलंच, माझंच काहीतरी चुकतंय.” मुलगी चक्क हसली.

बाईनं फोन ठेवला, तो नंबर पुसून टाकला आणि हजेरीपट घेऊन वर्गात गेली.