माझ्या शेजारची खाट

मित्रांनो, मी एक जुनी रबरी बाई आहे. रुग्णसेवा शिकणाऱ्या मुलींच्या सरावाच्या खोलीत माझी खाट आहे. मला साच्यातून काढणाऱ्यांनी तोंड दिले, पण वाचा दिली नाही. त्यामुळे हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

मुली मला ठकीमावशी म्हणतात. अंग पुसणे, चादर बदलणे, कूस वळवणे हे सारे त्या माझ्यावरच शिकल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवायचे. गुडघ्यांमध्ये उशी द्यायची. माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून पाहायचे. दाबूनही ती जात नसेल, तर कातडीला इजा सुरू झाली असे समजायचे.

एकदा वॉर्डात खाटा संपल्या, म्हणून एका म्हाताऱ्या घड्याळजींना माझ्या शेजारी आणून ठेवले. अर्धांगवायूने त्यांचे अंग लुळे पडले होते, वाचा गेली होती. त्यांची लेक दुकान बंद करून संध्याकाळी येई.

"पोरींनो, बाबांकडे बघा हं," ती जाताना म्हणे.

"बघतो हो ताई, काळजीच नको."

मुलींची परीक्षा तोंडावर आली होती. न सांगता रुग्णाला हात लावला तर गुण कापत. म्हणून त्या मला गोड आवाजात सांगत, "मावशी, डाव्या कुशीवर वळवते हं. दुखलं तर बोला!"

"ही कसली बोलतेय! होस्टेलच्या रेक्टरबाईंपेक्षा गुणी आहे, जराही कुरकुर नाही," दुसरी हसे.

घड्याळजींची नजर त्यांच्या हातांमागे फिरे. वॉर्डातल्या सिस्टरना वाटे, इतक्या मुली आहेत तिथे, वळवत असतील. मुलींना वाटे, ते वॉर्डाचे काम. आया भरवून जाई आणि वरची चादर सारखी करी. खालची कोणी पाहत नसे.

मग खोलीत वास येऊ लागला. मुलींनी खिडकी उघडली.

त्या संध्याकाळी लेकीने बाबांना स्वतःच कुशीवर घेतले. सदरा पाठीला चिकटला होता. तो सोडवला तेव्हा माकडहाडाशी मुठीएवढी जखम दिसली आणि तिच्या तळाशी हाड.

"अगं, यांना कुणी वळवलंच नाही?"

"ताई, ते आमचे पेशंट नाहीत," माझ्या गुडघ्यांत उशी सरकवत एक मुलगी म्हणाली. "आमची ही."

लेक माझ्याकडे पाहत राहिली. मला मान फिरवता येत नाही.

जखमेचे विष अंगात भिनले आणि घड्याळजी गेले. परीक्षा ठरल्या दिवशी झाली. परीक्षक बाईंनी माझी पाठ उघडून पाहिली आणि त्या म्हणाल्या, "वा! इतकी काळजी घरचेही घेत नाहीत." सगळ्या मुली पास झाल्या. शेजारच्या खाटेवर त्यांच्या पर्स ठेवल्या होत्या.

मित्रांनो, आता माझे रबर तडकले आहे. मला अडगळीत टाकतील. टाकू द्या, माझी काळजी पुष्कळ झाली. पण तुमच्या जवळ कोणी न बोलता पडून असेल, तर तो कोणाचा पेशंट हे विचारण्याआधी त्याच्या पाठीखाली हात घाला.